पन्नासावा हिस्सा

साडेदहाला ओहोटी तळाला गेली
आणि दाल्काहुएच्या किनाऱ्यावर होडी
एका कुशीवर कलंडली, जेवून आडवं व्हावं तशी.
पाणी परत यायला तीन-साडेतीन तास.
तेवढ्यात बाबांना तिचं नाव रंगवायचं होतं
आणि मला बाबांना टिपायचं होतं.

कॅमेरा मुठीत मावणारा, कास्त्रोच्या बाजारातला, वापरलेला.
कार्डात आधीच्या मालकाच्या घरचा एक वाढदिवस
अजून साजरा होतोय.
बॅटरीचं झाकण चिकटपट्टीवर.
ऑटोवर ठेवला की आगाऊपणा करतो:
ढग सरला की डोळे मिचकावतो,
ढग आला की चिखलसुद्धा उजळून दाखवतो,
आणि पिवळी होडी बघून
इतकं पिवळं काही नसतं म्हणत
तिच्यात गुपचूप निळं कालवतो.

चाक फिरवून मी त्याला गप्प बसवलं.
मॅन्युअल.
भिंगावर बाबांच्या फुटक्या गॉगलची एक काच, रबरबँडनं,
कारण इथे आभाळ झाकलेलं असलं तरी
ओल्या वाळूतून उजेड वर येतो.
आयएसओ शंभर.
पांढरं कशाला म्हणायचं तेही मीच ठरवलं,
ओतिलियाबाईंच्या किटलीखालचा रुमाल समोर धरून.
(तो त्यांनी लगेच परत मागितला.)
फोकस हातानं, ब्रशच्या टोकावर,
मग केसभर मागे, अंगठ्याच्या नखावर.

राहिलं शटर.

सेकंदाचा पाचशेवा हिस्सा ठेवला
तर थरथर सुटी सुटी दिसते, मोजून घ्या.
गेल्या महिन्यात तसं टिपलं होतं:
बाबा खुर्चीत, उजवा हात मांडीवर,
अंगठा तर्जनीवर घासतोय,
कुणाला तरी न दिसणारी नाणी मोजून देतोय.
पुएर्तो माँतच्या डॉक्टरांना ते फार आवडलं.
"किती स्पष्ट आलंय," म्हणाले.
बसमध्येच मी ते पुसून टाकलं.

पन्नासावा ठेवला
तर बोटांच्या कडा विरघळतात,
हात जरा धुरकट होतो, एवढंच.
पुस्तिकेत लिहिलंय, पंचवीस फ्रेमला पन्नास,
डोळ्याला तेच खरं वाटतं.
माझं कारण वेगळं होतं.
मी पुस्तिकेच्या मागे लपले.

बाबांनी डबा उघडला. होडी कलती,
म्हणून मान कलती करून ते बराच वेळ बघत राहिले.
हात थरथरत डब्याकडे गेला, थरथरत वर आला,
दोन थेंब वाळूत, एक बुटावर.
स्क्रीनवर सगळं धुक्यासारखं.
जमलं, असं वाटलं मला.

आणि ब्रश लाकडाला टेकला.

हात थांबला.
थांबला म्हणजे चालू लागला:
पहिल्या अक्षराची पाठ वरून खाली, एका दमात,
मग पोट, मग शेपटीचा तो वळसा
ज्याचे चाळीस वर्षांत कुणी वेगळे पैसे दिले नाहीत.
कडा इतकी स्वच्छ
की माझं धुकं कुठे ठेवावं कळेना.

पोर्फियादा. म्हणजे हट्टी.
नाव ओतिलियाबाईंचं. कुणाकडे बघून सुचलं
ते त्यांनी सांगितलं नाही.
आठ अक्षरं. प्रत्येकाच्या आधी थरथर,
नंतर थरथर,
मधे रंग.
शेवटच्या अक्षराला पाणी
बाबांच्या टाचेला लागलं. त्यांनी पाय हलवला नाही.

रात्री टीव्हीला वायर लावून बघितलं.
पिवळं पिवळंच होतं. चिखल चिखल होता.
बाबा पुढे सरकून बसले,
उजवा हात डाव्या हाताखाली दाबून.
"यासना, भरती लवकर आली होती का?
होडी हलतेय."
खरंच हलत होती,
सावकाश, वर-खाली.

"नाही बाबा. तो माझा हात."

ते काही बोलले नाहीत. आठवं अक्षर संपेपर्यंत बघितलं,
वळशाशी जरा तोंड वाकडं केलं.
मग म्हणाले,
"पुढच्या वेळी कोपर होडीला टेकव.
टेकलं की थांबतं."